लॉगिन होताच विंडोज पीसी बंद पडतो? आधी सेफ मोड

भाऊ, लगेच नागपूरच्या सीताबर्डीतल्या दुकानात नेऊन फॉरमॅट मारू नका. पासवर्ड टाकेपर्यंत पीसी ठीक चालतो, म्हणजे माझा संशय लॉगिननंतर सुरू होणाऱ्या प्रोग्रामवर, नाहीतर ग्राफिक्स ड्रायव्हरवर, म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवणारा भाग चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. लॉगिन स्क्रीनवरच शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा. ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, पुन्हा रीस्टार्ट, मग ४ चा आकडा दाबा. हाच सेफ मोड, यात विंडोज फक्त गरजेपुरत्या गोष्टींवर चालतं. सेफ मोडमध्ये टिकला तर आधी कामाच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या, बाकी सगळं नंतर. मग टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमधलं सगळं डिसेबल करा आणि नेहमीसारखं सुरू करून एकेक परत चालू करा. ज्याने बंद पडेल, तोच दोषी. तरी पडलाच तर ग्राफिक्स ड्रायव्हर काढून नवा टाका. सेफ मोडमध्येही पडतो? मग रॅम तपासा आणि पंख्यातली धूळ काढा. आपल्या मे महिन्यातल्या ४५ अंशांत ती फार नडते.