दैवाचे नाव कोण घेतो आणि केव्हा?

प्रश्न : आमच्या वाचनमंडळात या महिन्यात ‘रोमिओ आणि ज्युलिएट’चे भाषांतर वाचले. ज्येष्ठ म्हणाले, सटवाईने कपाळी लिहिलेले टळत नाही, त्या दोघांचेही टळले नाही. तरुणांचे म्हणणे असे की घराण्यांच्या वैराने दोघांचा बळी घेतला, दैवाला मध्ये आणू नये. या शोकांतिकेत दैवाचा वाटा किती मानावा?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : ज्येष्ठांचा पक्ष कच्चा नाही. नाटक सुरू होताच निवेदक चौदा ओळींत सांगून टाकतो की ग्रहतारे प्रतिकूल असलेले हे प्रेमिक मरणार आहेत. पुढे दोघांचे गुपचूप लग्न लावणाऱ्या धर्मगुरू लॉरेन्सचे पत्र रोमिओपर्यंत पोहोचतच नाही, कारण ते घेऊन निघालेला जॉन प्लेगच्या घरात जाऊन आला असावा अशा संशयाने त्याला कोंडून दारे बंद केली जातात (२०२० सालचे गल्लीतोंडाचे बांबू आठवणाऱ्यांना हे निराळे समजावून सांगायला नको). ज्युलिएट मेलेली नसून औषधाने आलेल्या बेचाळीस तासांच्या गुंगीत आहे हे न कळल्यामुळे रोमिओ विष घेतो, आणि थोड्याच वेळात ती जागी होते.

तरीही माझा कौल तरुणांकडे झुकतो. या नाटकात दैवाला बोल कोण लावतो आणि केव्हा, हे पाहावे. ज्युलिएटच्या नात्यातल्या टिबल्टला स्वतःच्या तलवारीने मारल्यावर रोमिओ म्हणतो की आपण दैवाच्या हातचे खेळणे झालो. ज्युलिएट गेल्याची खोटी वार्ता कानी पडताच तो ताऱ्यांना आव्हान देतो आणि विष विकत घ्यायला निघतो. म्हणजे ज्या क्षणी तो ताऱ्यांविरुद्ध उभा राहतो, त्याच क्षणी निवेदकाने सांगितलेले स्वतःच्या हाताने खरे करू लागतो. शेक्सपिअरने ज्या काव्यावरून कथानक घेतले, त्या आर्थर ब्रुकच्या १५६२ सालच्या काव्यात ही कथा कित्येक महिने चालते. नाटकात ती रविवारी सुरू होऊन गुरुवारी पहाटे संपते. ही घाई नाटककाराने मुद्दाम आणली आहे. ज्युलिएटचे वडील तिचे पॅरिसशी गुरुवारी ठरवलेले लग्न बुधवारवर आणतात, त्यात कोणत्या ग्रहाचा हात आहे? पत्रे तर कुठलीही चुकतात. एका पत्रावर दोन जीव टांगले गेले, कारण झालेले लग्न उघड सांगण्याची सोय दोन्ही घरांत नव्हती.

दैव मानणे आणि दैवावर ढकलणे यांतला फरक खान्देशाला नवा नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) दैव नाकारत नाहीत. वैधव्यानंतरच्या गाण्यात त्या ज्योतिषालाच दारी येऊ नको म्हणतात, कारण आपले दैव आपल्याला कळते. रोमिओला हा सूर कधीच सापडत नाही. तो वयाने लहान आहे, हेही त्याच्या बाजूने म्हणायला हवे.

मंडळात पुन्हा बसाल तेव्हा शेवटच्या प्रवेशातले राजाचे बोलणे मोठ्याने वाचावे. तुमच्या द्वेषाला शिक्षा म्हणून ईश्वराने तुमचे सुख प्रेमाच्याच हातून मारले, असे तो दोन्ही बापांना सुनावतो, म्हणजे ज्येष्ठांना आणि तरुणांना एकाच वाक्यात जागा देतो. मात्र लगेच पुढे तो स्वतःलाही धरतो : या भांडणांकडे आपण डोळेझाक केली, म्हणून आपलेही दोन आप्त गेले.