‘द क्लास ऑफ 92’ ही डॉक्युमेंटरी फुटबॉल न कळणाऱ्याने बघावी का?

बघा की. तुम्ही म्हणताय बेकहम सोडून एकही नाव ओळखीचं नाही आणि ऑफसाइडही नीट कळत नाही, तर त्याने काही अडत नाही, यात मॅचपेक्षा गप्पाच जास्त आहेत. 2013 ची फिल्म आहे. मँचेस्टर युनायटेडच्या युथ टीममधून एकत्र वर आलेले सहा जण: बेकहम, गिग्ज, स्कोल्स, निकी बट आणि गॅरी नि फिल हे नेव्हिल बंधू (वडिलांचं नाव नेव्हिल नेव्हिल, शप्पथ खरं आहे). गोष्ट 1992 ते 1999 ची.

मला विचाराल तर सगळ्यात भारी काळ म्हणजे सुरुवातीचा, ही पोरं ‘द क्लिफ’ नावाच्या जुन्या ग्राउंडवर सीनियर लोकांचे बूट घासायची तेव्हाचा. त्यांचा कोच एरिक हॅरिसन, एकदम खडूस माणूस. वरच्या खिडकीत उभा राहून बघायचा आणि कोणी चुकीचा पास दिला की धाडधाड काच बडवायचा, खाली पोरांची तंतरायची. बेकहमला लांबलांब पास मारायची हौस, त्याला हा ‘हॉलिवूड पास’ म्हणून झापायचा! बेकहम लंडनहून आलेला, बट, स्कोल्स आणि नेव्हिल बंधू तर तिथलेच आसपासचे, युनायटेडच्या आधीसुद्धा ओल्डहॅमच्या एका ज्युनियर क्लबात एकत्र खेळलेले. त्यामुळे आज एकमेकांची खेचतात ना, ते कॅमेऱ्यासाठी केलेलं वाटत नाही.

क्रिकेटवाले असाल तर एक जाता जाता: गॅरी नेव्हिलने त्याच 1992 साली ग्रीनमाउंट क्लबकडून मॅथ्यू हेडनबरोबर बॅटिंग करत सेंचुरी ठोकली होती, आणि फिल इंग्लंडच्या अंडर-15 क्रिकेट टीमचा कॅप्टन होता. म्हणजे घरात टॅलेंट उतू जात होतं.

पुढचं थोडक्यात सांगतो. ऑगस्ट 1995 मध्ये युनायटेडचा मॅनेजर फर्ग्युसनने इन्स, ह्यूज, कांचेल्स्किस असे मोठे प्लेअर विकून या पोरांना उतरवलं, पहिलीच मॅच अॅस्टन व्हिलाकडून 3-1 हरले आणि टीव्हीवर अॅलन हॅन्सन नावाचा एक्स्पर्ट म्हणाला की पोरांच्या जिवावर काही जिंकता येत नाही. त्याच सीझनला लीग आणि एफए कप या इंग्लंडमधल्या दोन्ही मोठ्या स्पर्धा घेतल्या, बिचाऱ्याला ते वाक्य अजून ऐकवतात. मग 1999 ची बार्सिलोनातली, जर्मनीच्या बायर्न म्युनिकविरुद्धची चॅम्पियन्स लीगची (युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा) फायनल, आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली, 90 मिनिटं झाली तरी 1-0 ने मागे, आणि शेवटी वाढवून दिलेल्या दोन-तीन मिनिटांत बेकहमच्या दोन कॉर्नरवरून दोन गोल. स्कोल्स सस्पेंड, तो सूट घालून बाजूला.

आता तक्रार. नाव 92 चं असलं तरी त्या वर्षी क्रिस्टल पॅलेसला 6-3 हरवून युथ कप जिंकलेल्या फायनलमध्ये स्कोल्स आणि फिल नव्हतेच, ते पुढच्या वर्षीच्या फायनलला खेळले आणि ती लीड्सकडून हरले. हे एक वेळ सोडून देऊ. पण जे मोठ्या टीममध्ये टिकले नाहीत त्यांच्यावर अजून बराच वेळ द्यायला हवा होता असं मला वाटतं. बेन थॉर्नली बघा, याच बॅचचा विंगर (मैदानाच्या कडेने पळणारा प्लेअर), बेकहमच्या तोडीचा किंवा पुढचाच मानायचे त्याला. एप्रिल 1994 मध्ये ब्लॅकबर्नविरुद्ध रिझर्व्ह म्हणजे राखीव टीमची मॅच, एक टॅकल, गुडघा गेला. परत आला, खेळलाही, पण तो वेग परत आला नाही आणि 1998 ला हडर्सफील्डला गेला. तीच ट्रेनिंग, तोच हॅरिसन, मेहनतीतही कमी नव्हता. ‘मेहनत केली म्हणून झालो’ हे सहा जणांकडून ऐकताना मला सारखा तोच आठवत होता. त्यापेक्षा ब्रिटनचा माजी पंतप्रधान टोनी ब्लेअरला कशाला आणून बसवलंय कळत नाही, नव्वदचं दशक कसं भारी होतं ते सांगायला बहुतेक. झिदान आणि कँटोना हे फ्रेंच फुटबॉलर बोलतात ते मात्र ऐकण्यासारखं.

बघताना सबटायटल लावाच. मँचेस्टरचे उच्चार डोक्यावरून जातात, आणि स्कोल्स आधीच कमी बोलतो, त्यात जे बोलतो ते तोंडातल्या तोंडात.