विचारा बिनधास्त : समुद्रकाठच्या ‘इको’ रिसॉर्टची मागची बाजू

मे महिना जवळ आला की साताऱ्या-सांगलीच्या गाड्या कुंभार्ली, आंबा नाहीतर फोंडा घाट उतरायला लागतात आणि त्याच्या महिनाभर आधी आमच्या टपालात कोकणातल्या हॉटेलांचे प्रश्न यायला लागतात. यंदा नवीन काय, तर सगळ्यांना ‘इको’ हवंय. आलेल्यातले पाच प्रश्न घेतलेत.

ताई, सासूसासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत म्हणून घरचे सगळे मिळून तारकर्लीच्या बाजूला एका मोठ्या रिसॉर्टला दोन रात्री राहायचं ठरवतोय. भाडं ऐकून मिस्टर थोडा वेळ बोललेच नाहीत. वेबसाइटवर इको-लक्झरी, सस्टेनेबल असं बरंच लिहिलंय, बांबूचे ब्रश, कागदी स्ट्रॉ, करवंटीचे दिवे. पुण्याचे दीर म्हणतात सगळी धूळफेक आहे. खरं-खोटं ओळखायचं कसं? — एक वाचक, शाहूपुरी, सातारा

दिरांना सांगा, तुमचं अर्धं बरोबर आहे. बांबूचा ब्रश चांगलाच आहे हो, पण तो स्वस्त पडतो, म्हणून सगळे आधी तोच आणतात. आणि प्लास्टिकच्या स्ट्रॉवर तर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदीच आहे, म्हणजे कागदी स्ट्रॉ देऊन त्यांनी कायदा पाळला इतकंच, त्याची कसली जाहिरात करायची! समुद्राकाठच्या हॉटेलची खरी परीक्षा दोनच गोष्टींत होते, पाणी येतं कुठून आणि वापरलेलं पाणी जातं कुठं. फोटोत ह्यातलं काही दिसत नाही, कारण हे सगळं किचनच्या मागं जनरेटरच्या शेजारी असतं आणि तिकडं पाहुण्याला कुणी नेत नाही.

तेव्हा बुकिंगच्या आधी फोन करा आणि सरळ विचारा, तुमच्याकडं एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट, आहे का आणि त्यातून निघालेलं पाणी कशाला वापरता. फोनवरची मुलगी गोंधळली तर मॅनेजरला फोन द्या म्हणा. ‘आमचा सेप्टिक टँक आहे आणि शोषखड्डा आहे’ असं उत्तर आलं तर समजा की पन्नास खोल्यांचं संडास-बाथरूमचं पाणी थोडंफार निवळून तसंच खाली वाळूत नाहीतर जांभ्यात मुरतंय. वाळू आणि जांभा दोन्ही भरपूर पाझरणारे, आणि तिथून हाकेच्या अंतरावर गावातल्या कुणाची तरी पिण्याची विहीर असते. आपल्याकडच्या काळ्या मातीत घाण जरा तरी अडकते, तिथं तेवढीही नाही.

बरं, एसटीपी आहे म्हणाले तरी तो चालू आहे का हा पुढचा प्रश्न. ह्या प्लँटमध्ये घाण खाणारे जिवाणू असतात आणि त्यांना सतत हवा लागते, म्हणून ब्लोअर चोवीस तास घर्रघर्र करत असतो. वीजबिल वाचवायला रात्री ब्लोअर बंद ठेवला की जिवाणू गुदमरतात आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. दुसरी गंमत म्हणजे पावसाळ्यात रिसॉर्ट रिकामं पडलं की जिवाणूंना खायलाच मिळत नाही, ते मरतात, आणि दिवाळीत एकदम गर्दी लोटली की प्लँट नुसता नावाला उभा असतो कारण तो पुन्हा नीट बसायला काही आठवडे लागतात. चांगली जागा असेल तर सीझनच्या आधीच तयारी करते. गेल्यावर सकाळी फिरायला निघालात की त्या बाजूला एक चक्कर मारा, प्लँटमधून बाहेर येणारं पाणी कुठं दिसतं का विचारा. ते जवळजवळ नितळ आणि बिनवासाचं असेल आणि फ्लशला, झाडांना जात असेल तर पैसे बऱ्यापैकी योग्य जागी गेले म्हणायचे. आणि ‘तिकडं जाता येणार नाही मॅडम’ म्हणाले, तर तेही एक उत्तरच आहे.

कचऱ्याचंही विचारून घ्या. घनकचरा नियमांत रोज 100 किलोच्या वर कचरा करणाऱ्यांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा असं आहे, आणि बुफेवालं मोठं रिसॉर्ट सीझनमध्ये 100 किलो सहज ओलांडतं.

सर्टिफिकेटांचं म्हणाल तर ब्लू फ्लॅग हे स्वच्छ किनाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानांकन, तो किनाऱ्याला मिळतो, किनाऱ्यालगतच्या हॉटेलनं तो आपल्या नावापुढं लावायचं कारण नाही. हॉटेलांसाठी केंद्र सरकारचं स्वच्छता ग्रीन लीफ रेटिंग आहे, एक, तीन किंवा पाच पानं मिळतात, आणि त्यात सांडपाणी, मैला आणि कचरा ह्यांचंच बघतात, ते असेल तर जमेची बाजू धरा. बाकी पानाफुलांचे गोल शिक्के कुणीही कॉम्प्युटरवर करून लावतं. काचेच्या बाटलीतलं पाणी देतात ते मला आवडतं, पण ते पाणी शुद्ध करणारं आरओ मशीन एक लिटर पाणी देताना कितीतरी पाणी बाहेर टाकतं, ते कुठं जातं तेही विचारा, एकदा विचारायला बसलाच आहात तर.

आणि दिरांना हेही सांगा की आपली गाडी साताऱ्याहून तारकर्लीला जाऊन येऊन पाचेकशे किलोमीटर पळणार, पेट्रोलच्या एका लिटरमागं साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे गाडीमागं 75-80 किलो. तीन गाड्यांऐवजी एक टेम्पो ट्रॅव्हलर केलात तर सासूबाईंना सगळी नातवंडं एकत्र मिळतील आणि इंधनही कमी जळेल.

आमच्याकडं मान्सून रुसला की टँकर, आणि ही लोकं समुद्रासमोर पुन्हा पोहायला टाकी बांधत्यात. पाऊस तिकडं लई, ते खरं, पण मग उन्हाळ्यात कोकणात पण टँकर का फिरत्यात? — म्हसवड, ता. माण

दादा, तुमचा राग रास्त आहे, फक्त तो थोडा सरकवू या. आकडे मांडून बघू. 20 मीटर लांब, 8 रुंद, दीड मीटर खोल टाकी म्हणजे 2 लाख 40 हजार लिटर, ऐकायला भयंकर. पण हे पाणी रोज बदलत नाहीत, गाळून तेच फिरवतात. उन्हाळ्यात दिवसाला 6 मिलिमीटर उडून जातं धरलं तर हजारेक लिटर झाले, फिल्टर धुवायला जातं ते वेगळं. आता त्याच रिसॉर्टमधलं एक एकराचं लॉन घ्या, ते हिरवंगार ठेवायला रोज 5 मिलिमीटर पाणी द्यायचं म्हणजे 20 हजार लिटर. तुमच्याकडचे दहा हजारी दोन टँकर, रोज, नुसत्या गवताला! लॉनवर कुणी रागावत नाही कारण ते हिरवं दिसतं. माझ्या मतानं समुद्रकाठी परदेशी गवताचं लॉन ही सगळ्यात नको असलेली गोष्ट आहे, वाळूत ते स्वतःच्या जिवावर जगतच नाही.

कोकणात पाऊस माणच्या पाच-सहापट पडतो, तरी जांभ्यातून पाणी झरझर खाली उतरतं आणि नद्या आखूड, चार महिन्यांत सगळं समुद्रात. आपल्या कोयनेचंच बघा ना, कृष्णा पाणीवाटप लवादानं पश्चिमेला वळवायला मंजूर केलेलं 67.5 टीएमसी पाणी पोफळीला वीज करून वाशिष्ठीत उतरतं आणि चिपळूणवरून खाडीला मिळतं, तारकर्लीच्या विहिरीला त्यातला थेंब नाही. (माणच्या माणसाला हे सांगणं म्हणजे जखमेवर मीठ, कळतंय मला.)

खरी भीती बोअरची आहे. किनाऱ्याजवळ जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर दुधावर साय असावी तसं तरंगत असतं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा 1 मीटर वर असेल तर खाली जवळपास 40 मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं असा ढोबळ हिशोब आहे. आता हाच हिशोब उलटा करा, बोअर लावून वरची पातळी 1 मीटरनं उतरवली की खालचं खारं पाणी कालांतरानं 40 मीटर वर सरकायला बघतं. एकदा विहीर खारी झाली की पुढची बरीच वर्षं तशीच राहते, रिसॉर्टवाला टँकर मागवतो आणि शेजारची म्हातारी हंडा घेऊन लांब जाते.

आम्हाला कासवांची पिल्लं बघायचीत. रिसॉर्टवाला म्हणतो आमच्या बीचवरच येतात आणि रात्री फ्लडलाइट लावून दाखवतो. जावं का? — कराड

जाऊ नका. ऑलिव्ह रिडलेचं पिल्लू वाळूतून वर आलं की जिकडं उजेड जास्त तिकडं चालतं, अंधाऱ्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राचा असतो, फ्लडलाइट लावला की पिल्लू हॉटेलकडं वळतं आणि सकाळपर्यंत कावळे-कुत्री आपलं काम करतात. मादीसुद्धा झगमगाट बघून अंडी न घालता परत फिरते. हे कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. तुम्ही वेळास नाहीतर आंजर्ल्याला जा, तिथं गावातच घरगुती राहायची सोय होते, अंडी कुंपणात सांभाळलेली असतात आणि पिल्लं सकाळ-संध्याकाळ सोडतात. निघण्याआधी गावात फोन करा, कारण पिल्लं तुमच्या सुट्टीप्रमाणे बाहेर येत नाहीत.

आमच्या बिलात खोलीमागं रोज 500 रुपये ‘ग्रीन फी’ लावली होती. विचारलं तर म्हणाले पर्यावरणासाठी. आणि ताटातलं पापलेट तळहाताएवढंही नव्हतं. — मिरज

फी कशासाठी, किती झाडं, कुठला प्लँट, हे लेखी मागा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ऑक्टोबर 2024 च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यानुसार ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’ असले शब्द नुसते मोघम वापरता येत नाहीत, पुरावा आणि तपशील द्यावा लागतो. उत्तर नाही आलं तर 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करा, बिलाचा फोटो आणि त्यांच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, जाहिरात नंतर गुपचूप बदलते.

पापलेटचं तुम्ही बरोबर हेरलंत. 2023 मध्ये राज्यानं पापलेट राज्यमासा म्हणून जाहीर केला आणि त्याच वर्षी 54 जातींच्या माशांना कमीत कमी लांबी ठरवून दिली, पापलेटला 135 मिलिमीटर. त्याहून लहान म्हणजे अजून अंडीही न घातलेलं पिल्लू. पुढच्या वेळी परत पाठवा आणि बांगडा मागवा. चवीला कुठं कमी आहे?

तासगावात माझी द्राक्षबाग आहे. मित्राची मालवण तालुक्यात समुद्राला लागून जागा आहे, तो म्हणतोय भागीदारीत वीस कॉटेजचं इको रिसॉर्ट टाकू, अगदी वाळूवर, दारातून समुद्र. ड्रिपचा अनुभव आहे म्हणून बाग मी बघावी असं त्याचं म्हणणं. पैसे घालू का? — तासगाव, जि. सांगली

‘अगदी वाळूवर’ हे वाचूनच धस्स झालं. भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंत सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारे केंद्राचे, नियम लागतात. पहिली अधिसूचना 1991 ची, आत्ताची 18 जानेवारी 2019 ची. ग्रामीण भागात जिथं लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त तिथं 50 मीटर आणि बाकी ठिकाणी 200 मीटर ना-विकास क्षेत्र असतं. सिंधुदुर्ग जिल्ह्याची सरासरी घनता 2011 च्या जनगणनेत 163 होती, त्यामुळं तुम्ही 200 च धरून चला. त्या पट्ट्यात पक्कं रिसॉर्ट होत नाही, मित्राच्या ओळखी कितीही वर असू देत. केरळात वेंबनाडमधल्या एका बेटावर कापिको नावाचं 54 व्हिलांचं आलिशान रिसॉर्ट बांधून तयार होतं, सुप्रीम कोर्टानं जानेवारी 2020 मध्ये ते पाडायचा निकाल कायम केला आणि 2022 मध्ये पाडायला सुरुवात झाली.

म्हणून पैसे घालायच्या आधी जागेचा गट नंबर मंजूर किनारा आराखड्यावर टाकून बघा, भरतीरेषा नक्की कुठं येते ते अधिकृत संस्थेकडून मोजून घ्या, आणि परवानगीचा अर्ज महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडं जातो, ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर भागत नाही.

जागा 200 मीटरच्या मागं निघाली तर मात्र विचार करा, ते धंद्यालाही बरं. समोरच्या वाळूच्या टेकड्या सपाट करायला बंदी आहे आणि करूही नये. तिथं जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली असते, पान बकरीच्या खुरासारखं मधे चिरलेलं, ओढून बघितली तर हातभर वेल येते आणि मुळं गाठीगाठीला वाळूत रुतलेली असतात. ‘व्ह्यू’ मोकळा करायला लोक आधी तीच उपटतात, मग दोन पावसाळ्यांत वाळू वाहून जाते आणि मग दगडी बंधारा घालायला धावपळ, तो घातला की लाट शेजाऱ्याची जागा खायला लागते.

ड्रिपचं म्हणाल तर तिथं लॉनच नको, त्यामुळं तुमचं काम निम्मं होईल. नारळ, सुपारी, कोकम, केवडा लावा, नारळाला एसटीपीचं पाणी ड्रिपनं द्या. फक्त त्या पाण्यात बारीक गाळ असतो, डिस्क फिल्टर आणि आधी वाळूचा फिल्टर लागेल, नाहीतर महिन्याभरात लॅटरल, म्हणजे ड्रिपच्या बारीक नळ्या, चोंदतील, आणि लॅटरल फ्लश करायचं तुमच्या बागेत करता त्याच्या दुप्पट वेळा करावं लागेल.