दुकानाची तोडफोड आणि विमा

प्रश्न : दादरला कापडाचं दुकान आहे. रात्री कोणीतरी दर्शनी काच फोडली, शटर वाकवलं. आगीचा विमा आहे. त्यातून भरपाई मिळेल?

उत्तर : बहुधा मिळेल. पॉलिसीत दंगल, संप व हेतुपुरस्सर नुकसानीचं कलम आहे ना, ते पाहा. काचा झाडण्याआधी फोटो काढा, कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा, एफआयआर नोंदवा; नुसत्या एनसीवर (अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीवर) कंपनी अडून बसू शकते. शेजाऱ्यांचं सीसीटीव्ही चित्रण लगेच मागा, जुनं आपोआप पुसलं जातं. घोळ होतो तो घाईच्या दुरुस्तीत: सर्व्हेअर, म्हणजे विम्यासाठी नुकसान तपासणारा, येण्याआधीच वाकलेल्या पट्ट्या भंगारात जातात. त्या ठेवाच. आणि दहा लाखांच्या दुकानाचा विमा पाच लाखांचाच उतरवला असेल, तर भरपाईही साधारण निम्मीच धरा.