रेड्यामुखी वेद सांगितले तर गुन्हा होतो का?

वाचकांचे प्रश्न, वकीलबाईंची उत्तरं

प्रश्न : रामकृष्ण हरी. आमच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या वारी आहे. मी स्वतः गावोगाव कीर्तन करतो. परवा एका सप्ताहात माउलींनी रेड्याच्या मुखातून वेद वदवले तो प्रसंग लावला होता. कीर्तन झाल्यावर कॉलेजात जाणारा एक मुलगा म्हणाला, "महाराज, चमत्काराचा प्रचार आता जादूटोणा कायद्यात बसतो, सात वर्षं आत जाल." तेव्हा हसलो, पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पुरोगामी मंडळी मुंबईत बसून कायदे करतात आणि ते आमच्या देव्हाऱ्यापर्यंत येतात. आज बाबा-बुवा, उद्या कीर्तनकार, परवा वारी. माझी भीती खोटी आहे का?
— एक कीर्तनकार, माढा तालुका

उत्तर : रामकृष्ण हरी, माउली. तो प्रसंग बिनघोर लावा. भिंत चालवल्याचाही लावा, इंद्रायणीत गाथा तरल्याचाही लावा. त्या मुलानं कायद्याचं नाव ऐकलंय, कायदा वाचलेला नाही. पण म्हणून तुमची भीती मी उडवून लावणार नाही. हा कायदा आज ज्या रूपात आहे, त्याला तुमच्यासारख्यांच्या भीतीचाच हात लागलेला आहे.

पुस्तकातलं त्याचं नाव लांबलचक आहे : महाराष्ट्र नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध घालण्याबाबत व त्यांचे समूळ उच्चाटन करण्याबाबत अधिनियम, २०१३. कायदा मात्र मोजक्या पानांचा, एका बैठकीत वाचून होतो. त्याच्या शेवटाकडे एक कलम आहे. हा कायदा कशाकशाला लागू होणार नाही, त्याची यादी तिथं दिली आहे. प्रदक्षिणा, यात्रा, परिक्रमा. हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन. घरात, देवळात, दर्ग्यात, गुरुद्वारात, चर्चमध्ये केलेले प्रार्थना-उपासनेचे विधी, फक्त त्यातून कुणाला शारीरिक इजा होता कामा नये. लेकरांचे कान-नाक टोचणं, जैनांचं केशलोचन. जोशी आणि नंदीबैलवाल्यांचं ज्योतिष, वास्तुशास्त्राचा सल्ला, इतकंच काय, विहिरीसाठी पाणी दाखवणारा पाणाड्यासुद्धा. आणि याच यादीत तुमचं उत्तर आहे : दिवंगत संतांचे चमत्कार सांगणं आणि त्यांचा प्रसार करणं. ही सूट विधिमंडळानं शब्दांत लिहून दिली आहे. ती कुणा फौजदाराच्या मर्जीवर सोडलेली नाही.

ही यादी आपसूक आली नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे सहकारी हा कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षं झटत होते, आणि वारकरी संघटना, कीर्तनकार, हिंदुत्ववादी संघटना त्याला तितक्याच नेटानं विरोध करत होत्या. २००५ मध्ये विधानसभेनं मंजूर केलेलं विधेयक विधान परिषदेत अडकलं. त्या मसुद्यात शारीरिक इजेबरोबर मानसिक आणि आर्थिक हानीचाही उल्लेख होता. तुम्हीच विचार करा, कुणी नवस फेडायला पाच हजार खर्च केले आणि उद्या त्याच्या मुलानं 'आर्थिक हानी' म्हणून तक्रार केली तर? असा प्रश्न विचारणारे लोक अडाणी नव्हते. मसुदे बदलत गेले, सर्वसाधारण शब्द गळाले आणि त्यांच्या जागी नेमक्या कृत्यांची यादी आली. दोन्ही बाजूंच्या त्या भांडणातूनच हा मजकूर घडला, असं माझं स्पष्ट मत आहे. विरोध करणाऱ्यांना निव्वळ प्रतिगामी म्हणून मोकळं होणाऱ्यांना हे ठाऊक नसतं, आणि विरोध करणाऱ्यांनाही आपण काय मिळवलं ते ठाऊक नसतं. याचं मला फार वाईट वाटतं.

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच सरकारनं वटहुकूम काढला. एवढ्या नाजूक विषयावर वटहुकूम मला पटला नाही, आजही पटत नाही. दुःखाच्या आणि संतापाच्या भरात कायदा केला, असं बोलायला जागा राहते. पण वटहुकूम कायमचा नसतो, सभागृहांची मंजुरी लागतेच. ती त्याच वर्षी डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांनी दिली.

आता गुन्हा कशाला म्हटलंय ते बघा. कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत बारा बाबी आहेत आणि त्यांच्या बाहेर गुन्हा नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरीनं, साखळीनं बांधणं, चाबकानं मारणं, चपला भिजवलेलं पाणी पाजणं, मिरचीची धुरी देणं, तापलेल्या वस्तूचे चटके देणं. गुप्तधनासाठी नरबळी. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करत बसणं. बोटांनी शस्त्रक्रिया करतो किंवा गर्भातल्या बाळाचं लिंग बदलतो असा दावा. मूल होण्याची हमी देऊन बाईचा गैरफायदा घेणं. अंगात येतं एवढ्यानं गुन्हा होत नाही. अंगात आल्याचं भासवून 'माझं ऐकलं नाही तर वाईट होईल' अशी दहशत घातली की होतो. शिक्षा कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त सात वर्षं, शिवाय पाच ते पन्नास हजार दंड. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे.

याच अनुसूचीतली एक बाब माझ्याकडे माणसाच्या रूपानं आली होती. शेजाऱ्याची म्हैस आटली. देवऋष्याकडं गेले, त्यानं तांदळाचे दाणे टाकून पलीकडच्या घरातल्या म्हातारीचं नाव घेतलं. मग हापशावर तिची घागर बाजूला सारली जाऊ लागली, ती समोरून आली की बाया पोरांना पदराआड घ्यायच्या. एका अमावस्येला तिला अंगणात ओढून केस धरून मारलं. ठाण्यात आधी शिवीगाळीची अदखलपात्र नोंद करून परत पाठवलं. माझ्यासमोर ती बसली तेव्हा गळ्यात तुळशीची माळ होती, आणि हात त्या माळेवरच होता. वर्षानुवर्षं आषाढीला पायी जाणारी बाई. तिनं मला विचारलं, "बाई, मी चेटकीण असते तर पांडुरंगानं दारात उभं केलं असतं का?" अनुसूची काढून मी तिला वाचून दाखवलं : अमुक माणूस जादूटोणा करतो, मंत्रानं जनावराचं दूध आटवतो असं भासवून त्याचं जगणं मुश्कील करणं हा गुन्हा आहे. जनावराच्या दुधाचा शब्दशः उल्लेख तिथं आहे. तो लिहिणाऱ्यानं गाव पाहिलेलं असणार. तीच पानं घेऊन आम्ही पुन्हा ठाण्यात गेलो आणि गुन्हा नोंदला गेला.

म्हणून माउली, हा कायदा वारकऱ्यांच्या विरोधात आहे असं कुणी म्हणालं की मला ती बाई दिसते. त्या ठाण्यात वारकरी फिर्यादी होती.

तरीही तुमची एक शंका मी शिल्लक ठेवते, कारण ती खरी आहे. अनुसूचीतली दुसरी बाब 'तथाकथित चमत्कार' करून पैसे मिळवणं, लोकांना फसवणं, दहशत बसवणं याबद्दल आहे. 'तथाकथित' कुणी ठरवायचं? उतावीळ अधिकाऱ्याच्या हातात हा शब्द ताणला जाऊ शकतो. माझ्या मते इथं शब्द अधिक आवळायला हवे होते. व्यवहारात मात्र फसवणूक किंवा दहशत दाखवावी लागते, नुसता चमत्कार सांगितला हे पुरत नाही. जानेवारी २०२३ मध्ये नागपुरात एका प्रसिद्ध कथाकाराच्या दरबाराविरुद्ध याच कायद्याखाली तक्रार झाली होती. पोलिसांनी चित्रफिती तपासल्या आणि गुन्हा होत नाही असं जाहीर केलं. तो निर्णय काहींना आवडला, काहींना नाही, पण कायदा दिसेल त्याला पकडत सुटलेला नाही एवढं त्यावरून कळतं.

राजपत्रातल्या मजकुराची एक प्रत काढून टाळ-वीण्याच्या पिशवीत ठेवा. कुणी हटकलं तर सुटीच्या कलमावर बोट ठेवा. आणि सप्ताहात कुणाला साप चावला तर कीर्तन थांबवून त्याला आधी ग्रामीण रुग्णालयात न्यायला सांगा. तुमचा शब्द गाव ऐकतं.

प्रश्न : सुधारणेचे सगळे कायदे हिंदूंच्याच माथी का? बाकीच्यांना हात लावायची हिंमत सरकारात नाही.
— एक निवृत्त शिक्षक, मिरज

उत्तर : गुरुजी, तुमच्या म्हणण्याला इतिहासाचा आधार आहे, आधी तो मांडते. १९४६ मध्ये मुंबई प्रांतानं द्विभार्याप्रतिबंधक कायदा केला तो फक्त हिंदूंपुरता. एका समाजाला दोन बायका केल्यावर तुरुंग आणि दुसऱ्याला मुभा, हा भेदभाव नाही का, असं म्हणत लोक कोर्टात गेले. १९५१ मध्ये न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांनी नरसू आप्पा माळी खटल्यात कायदा उचलून धरला. सरकार सुधारणा टप्प्याटप्प्यानं करू शकतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. दोन बायकांच्या घरातल्या पहिलीचे हाल मी पाहिलेत, त्यामुळे तो कायदा झाला हे बरंच झालं असं मी म्हणेन. पण पुढचा टप्पा कधी, हे विचारण्याचा तुमचा हक्क त्यानं संपत नाही.

जादूटोणाविरोधी कायद्याला मात्र हा आक्षेप लागू पडत नाही. तो सगळ्यांना सारखाच आहे आणि सुटीही सगळ्यांनाच आहेत, मोहरमच्या मिरवणुकीपर्यंत. वटहुकूम निघाल्यावर पहिला गुन्हा सप्टेंबर २०१३ मध्ये नांदेडला नोंदला गेला, कॅन्सर-एड्स बरे करतो म्हणणाऱ्यांवर. ते आरोपी मुसलमान होते.

आणि मुंबई राज्यानं इतर धर्मांना हात लावलाच नाही हेही खरं नाही. १९४९ चा वाळीत टाकण्याविरुद्धचा कायदा सर्व समाजांना होता. दाऊदी बोहरांचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन त्याविरुद्ध लढले. धर्माच्या कारणावरून कुणाला समाजाबाहेर काढायचं हा धर्मसंस्थेचा अंतर्गत कारभार आहे, असा त्यांचा दावा होता. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो चार विरुद्ध एक अशा बहुमतानं मान्य केला आणि राज्याचा कायदा रद्द झाला. विरोधी मत खुद्द सरन्यायाधीश सिन्हांचं होतं. मला ते विरोधी मत पटतं. माणसाला त्याच्या मेलेल्याला पुरायची जागाही मिळू नये, ही धर्माची अंतर्गत बाब कशी? पण परंपरा मानणाऱ्यांची बाजू कोर्टात ऐकली जात नाही असं तुम्ही म्हणालात, तर १९६२ चा तो निकाल मी तुमच्यासमोर ठेवेन.

प्रश्न : आमच्या भावकीनं एका घराशी येणं-जाणं बंद केलंय, मुलीनं जातीबाहेर लग्न केलं म्हणून. आता ते लोक बहिष्काराचा कायदा दाखवतात. आम्ही कुणाला जेवायला बोलवायचं हेही सरकार ठरवणार का?
— एक वाचक, खेड तालुका

उत्तर : नाही. तुमच्या घरी कोण जेवेल ते तुम्हीच ठरवा. पण भावकीनं बैठक घेऊन ठराव केला असेल, देवळात येऊ देत नसतील, मयताला कुणी जायचं नाही असं बजावलं असेल, जाणाऱ्याला दंड लावला असेल, तर तो सामाजिक बहिष्कार आहे. त्याविरुद्धचा २०१६ चा कायदा विधिमंडळानं एकमतानं मंजूर केला, राष्ट्रपतींची संमती मिळून तो जुलै २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. बैठकीत मत देणाराही त्यात येतो, म्हणून 'मी नुसता बसलो होतो' हे सांभाळून म्हणा.

ठराव मागं घ्या, आणि तो मागं घेतल्याचं चारचौघांत सांगा. गुन्हा दाखल झालेला असेल तर पीडिताची संमती आणि कोर्टाची परवानगी असल्यास तो मिटवता येतो. त्यासाठी आधी त्या मुलीच्या वडिलांच्या दारात जावं लागेल. वकिलाला पाठवू नका, भावकीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसानं स्वतः जावं.