रिलीज म्हणजे मनगटं उलटवणं नव्हे

गोल्फमध्ये मारलेला चेंडू कायम उजवीकडे वळतो, कोच म्हणतात ‘रिलीज होत नाहीये, मनगटं उलटव’, आणि उलटवली की चेंडू एकतर डावीकडच्या झाडीत जातो नाहीतर जमिनीवरून सरपटतो. मग रिलीज म्हणजे नक्की करायचं तरी काय, असं तुम्ही विचारलंय. मी कोच नाही, पुण्यात बारा वर्षं खेळणारा हौशी माणूस आहे. पण याच एका शब्दापायी माझी दोन वर्षं गेली आहेत, म्हणून लिहितो. तुम्ही उजव्या हाताने खेळता असं धरून चालतो.

घोळ शब्दातच आहे. गोफणीतून धोंडा सोडतात, धनुष्यातून बाण सोडतात, म्हणून ‘रिलीज’ ऐकलं की आपल्याला वाटतं, चेंडूपाशी आल्यावर हातांनी काहीतरी सोडायचं असतं. त्यात आपण पडलो क्रिकेटवाले. लेगस्टंपवरचा चेंडू मनगटाने फिरवायची खोड हाडात मुरलेली.

आता वेळेचा हिशेब बघा. वरून निघालेला क्लब, म्हणजे गोल्फची काठी, चेंडूपर्यंत यायला साधारण पाव सेकंद लागतो, आणि क्लबफेस, म्हणजे तिच्या डोक्याची चेंडूला लागणारी बाजू, चेंडूला टेकलेला असतो तो जेमतेम 0.0005 सेकंद. ‘आता उलटव’ हा निरोप डोक्यातून निघून हातांपर्यंत पोचेतो चेंडू कधीच गेलेला असतो. आधीच ठरवून मनगटं फिरवता येतात, नाही असं नाही. पण मग सगळा मामला नेमक्या क्षणावर येतो. सकाळी स्लाइस, म्हणजे चेंडू उजवीकडे वळणं, दुपारी हुक, म्हणजे डावीकडे वळणं. माझं अगदी हेच व्हायचं.

मासिकांतल्या फोटोंनीही आपल्याला फसवलंय. उजवा हात डाव्यावर आलेला दिसतो तो चेंडू उडून गेल्यानंतर. तो परिणाम आहे, आपण त्याला कृती समजतो.

पोतराज आसूड ओढतो ते आठवा. हात जोरात येतो, थबकतो, आणि मग टोक सुटतं. टोकाला वेगळं कोणी ढकलत नाही. स्विंगमध्येही, म्हणजे क्लब फिरवतानाही, तसंच काहीसं होतं. अंग वळत राहतं, हात खाली येऊन डाव्या मांडीपाशी आत आणि वर वळायला लागतात, त्यांचा वेग कमी होतो आणि क्लबचं डोकं बाहेर फेकलं जाऊन त्यांना गाठतं. मनगटं सैल असली की ती आपोआप उलगडतात. तुमचं काम आडवं न येण्याचं.

हे मला वाचून नाही कळलं. रोज दोन बादल्या चेंडू मारून डावं कोपर दुखायला लागलं होतं. एका संध्याकाळी रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, एक वयस्कर कॅडी (खेळाडूंची क्लबची पिशवी वाहणारे) शेजारी उभे होते. त्यांनी माझ्या हातातला सात नंबरचा आयर्न (लोखंडी डोक्याचा क्लब) उलटा केला, डोक्याकडून धरायला लावला आणि म्हणाले, “साहेब, नुसता हवेत फिरवा आणि आवाज ऐका.” फिरवला. सूंऽऽ असा आवाज आला तो उजव्या गुडघ्यापाशी. “बघा, तुमचा माल चेंडूच्या आधीच सांडला.” उजवी मूठ सैल करून, कंबर वळू देऊन वीस-पंचवीस वेळा फिरवल्यावर आवाज पुढे सरकला, चेंडू असता त्या जागेच्या किंचित पलीकडे. मनगटांबद्दल ते अवाक्षरही बोलले नाहीत.

पण आवाज सुधारला तरी स्लाइस जाईलच असं नाही, कारण स्लाइसचं मूळ बहुतेक वेळा ग्रिपमध्ये, म्हणजे क्लब धरण्याच्या पद्धतीत असतं. पूर्वी सगळे सांगायचे की चेंडू स्विंगच्या दिशेने निघतो आणि फेस बघत असेल तिकडे वळतो. रडारवर चालणारी यंत्रं आली आणि चित्र जवळजवळ उलटं निघालं: निघण्याची दिशा मुख्यतः फेस ठरवतो, आणि फेस व स्विंगचा मार्ग यांतल्या फरकाने चेंडू वळतो. म्हणून स्लाइस होतोय म्हणून आणखी डावीकडे मारलं की तो वाढतो.

डाव्या हाताच्या पेरांचे किती उंचवटे दिसतात ते उभं राहिल्यावर वरून मोजा. मला एकच दिसायचा. हात उजवीकडे फिरवून दोन-अडीच दिसतील असा धरला, आणि उलटवायची गरज निम्मी तिथेच संपली. पहिले पंधरा दिवस क्लब कोणा दुसऱ्याचा वाटतो, तेवढं सोसा.

इथे जुन्या काळचा अमेरिकन गोल्फपटू बेन होगनचं नाव निघतंच. त्याचा जुना आजार हुक होता, म्हणून त्याने डावा हात उलट बाजूला फिरवला. स्लाइसवाल्याने त्याचं औषध घेणं म्हणजे जुलाब होत असताना एरंडेल पिणं. दुसऱ्या टोकाला आजचा अमेरिकन गोल्फपटू डस्टिन जॉन्सन. त्याचं डावं मनगट स्विंगच्या वरच्या टोकालाच इतकं वाकलेलं असतं की फेस आधीच बंद, म्हणजे डावीकडे वळलेला असतो. खाली येताना तो मुख्यतः अंग वळवतो. 2016 चं यूएस ओपन आणि 2020 चं मास्टर्स त्याने याच स्विंगवर जिंकलं. तेव्हा ‘सगळ्यांनी मनगटं उलटवायची’ हा नियम कुठून आला, देव जाणे.

‘हात आणि क्लब यांतला कोन शेवटपर्यंत धरून ठेवा’ हाही असाच सल्ला. धरून ठेवलात की फेस उघडाच, म्हणजे उजवीकडे बघत राहतो. आणि चेंडू वर उडवायला खालून चमच्यासारखं उचलू नका, ते काम फेसच्या उताराचं आहे.

कोचना दोष देण्याआधी एक करून बघा. व्हाइटबोर्डच्या मार्करने चेंडूच्या मागच्या बाजूला ठिपका काढा आणि ड्रायव्हरने (सगळ्यात लांब मारायच्या क्लबने) मारा. फेसवर ठिपका दांड्याच्या बाजूला उमटला, तर चेंडू उजवीकडे वळायला तेवढंच कारण पुरतं. मग रिलीजचा प्रश्नच नाही, थोडं मागे सरकून उभे राहा.

उलट्या क्लबचा व्यायाम घरी करणार असाल तर आधी वर बघा. आमच्या हॉलमधल्या पंख्याचं एक पातं अजून वाकडं आहे.