निर्णय नेमका कोणता, हे आधी ठरव

प्रिय स्नेही,

सप्रेम नमस्कार. इंग्लंडमधील काउन्सिलच्या (तिथल्या स्थानिक प्रशासनाच्या) प्रौढ सामाजिक सेवा विभागात तुझी नेमणूक झाल्याचे वाचून फार आनंद झाला. केअर ॲक्ट २०१४ (कुणाला कोणत्या मदतीची गरज आहे, यासाठीचा) आणि मेंटल कपॅसिटी ॲक्ट २००५ (व्यक्ती स्वतः निर्णय घेऊ शकते का, यासाठीचा) हे दोन्ही कायदे तुला एकाच भेटीत वापरावे लागतील, पण गरज आणि निर्णयक्षमता यांची गल्लत होऊ देऊ नकोस; जिला स्वतः अंघोळ करता येत नाही, तिला आपण कुठे राहायचे हे उत्तम ठरवता येऊ शकते.

गरज तपासताना नुसते "जमतं का?" विचारलेस, तर आपल्याकडची वडीलधारी माणसे "जमतं की" असेच म्हणतील. म्हणून तू ज्यांना भेटायला गेलीस त्या आजी चहा करत असतील तर किटली दोन्ही हातांनी उचलतात का, ओट्याला धरून उभ्या राहतात का, हे पाहा. फार वेदना सोसून, जीव धोक्यात घालून किंवा बराच जास्त वेळ घेऊन होणारे काम केअर ॲक्टच्या नियमांनुसार "जमत नाही" यातच मोडते.

निर्णयक्षमतेबाबत "क्षमता नाही" असा सरसकट शेरा कधीही लिहू नकोस. निर्णय नेमका कोणता, ते आधी ठरव. मग त्यासाठी लागणारी माहिती व्यक्तीला समजते का, तेवढ्यापुरती लक्षात राहते का, तिचा साधकबाधक विचार करता येतो का आणि निर्णय कोणत्याही मार्गाने कळवता येतो का, हे तपास. यातले काही जमत नसेल, तरच त्यामागे मेंदूचा वा मनाचा विकार आहे का, हे पाहायचे. हाच क्रम ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केला. नुसते डिमेन्शियाचे (स्मृतिभ्रंशाचे) निदान पुरेसे नाही. शिवाय घरी मदतनीस दिवसातून किती वेळा येईल, केअर होममध्ये खोली कशी असेल, हे कुणी सांगितलेच नसेल, तर आजींनी विचार तरी कशाचा करायचा?

मराठी घरांत तुला हमखास ऐकू येईल, "मुलगा म्हणेल तसं." हे क्षमता नसल्याचे लक्षण मानू नकोस आणि संमतीही समजू नकोस. मुलावर विश्वास टाकणे हा त्यांचा विचारपूर्वक निर्णय असू शकतो, किंवा त्यामागे दडपण असू शकते, आणि मुलगाच दुभाष्या असेल तर हा फरक कधीच कळणार नाही. स्वतंत्र दुभाष्या मागव, आजींशी एकांतात बोल, आणि त्यांचे शब्द अहवालात मराठीतच उतरवून खाली भाषांतर दे.

तुझी हितचिंतक